बॅगवाली चढली का, विमल?

विमल, तू गेलीस आणि तुझ्या जलदानविधीच्या दिवशी मांडवात सात जण बोलले आणि सातही जण खोटं बोलले. एकानं तुला शांत म्हटलं, दुसऱ्यानं सोशीक. तुझ्या धाकट्या जावेनं 'ताईंचा चढलेला आवाज कधी कुणी ऐकला नाही' असं सांगितलं, तेव्हा माझ्या शेजारी बसलेली शाळेतली शिपाईणबाईसुद्धा चुळबुळली. तुझा आवाज चौथीच्या वर्गातून थेट बसस्टँडपर्यंत जायचा हे सगळ्या जानेफळला माहीत आहे. मग आपले जुने हेडसर काठी टेकत माइकपाशी आले. आता त्यांना दिसतं कमी, ऐकू येतं त्याहून कमी, पण भाषणाची हौस होती तेवढीच आहे. म्हणाले, "गवईबाई म्हंजे शाळा ते घर आन् घर ते शाळा. तिसरा रस्ता त्याईले मालूम नोहता." लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी डोळेही पुसले.

तिसरा रस्ता मालूम नव्हता! अगं, खामगावच्या टॉकीज चौकाचा रस्ता तुला डोळे मिटून चालता आला असता. आणि हे दुसऱ्या कुणाला माहीत नसलं तरी हेडसरांना नक्की माहीत आहे. ते कसं, ते पुढे लिहिते.

मग माझं नाव पुकारलं. "कुळकर्णीबाई, दोन शब्द बोला." माझ्या पर्समध्ये घडी केलेला कागद होता. रात्रभर बसून लिहिलेला. मी उठले नाही. हातानंच नको म्हटलं. लोकांना वाटलं, मैत्रिणीला हुंदका आवरेना. हुंदका बिंदका काही नव्हता, मी घाबरले होते. समोर भंतेजी बसलेले, तुझ्या सुनेच्या माहेरची माणसं बसलेली. अशा ठिकाणी 'आम्ही दोघी दर शनिवारी सिनेमाला जायचो' हे कसं सांगावं, असं मला वाटलं. साठी उलटली तरी वाटलं! म्हणजे सात जण खोटं बोलले आणि आठवी गप्प बसली. त्या आठवीची मला लाज वाटते, म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

खरं बोलला तो एकच माणूस. तो मांडवाबाहेर भेटला, चपला शोधताना. त्याचं ऐकल्यापासून माझं तुझ्याशी भांडण लागलं आहे. रडून झालं, विमल. आता भांडायचं आहे, आणि तू मधे बोलू शकत नाहीस याचाच सगळ्यात जास्त राग आहे.

शनिवारची सकाळची शाळा साडेअकराला सुटायची. शाळेत आपण एकमेकींना 'अहो बाई' म्हणायचो. बाराच्या गाडीनं गाव सोडलं की तू मला 'सुधे' म्हणायचीस आणि चपला काढून पाय वर घेऊन बसायचीस. घरी मी सांगून यायची की शाळेचं सामान आणायचं आहे. सासूबाईंना खरं काय ते माहीत असावं, कारण इतके खडू जिल्हाभरच्या शाळांना लागत नसतील. पण त्यांची एकच अट होती. गवईबाई बरोबर पाहिजे. जातानाही आणि येतानाही.

टॉकीज चौक तेव्हा काय होता, ते आजच्या पोरींना सांगून पटायचं नाही. तीन टॉकीज समोरासमोर. मोठी टॉकीज, पत्र्याची टॉकीज आणि नवी टॉकीज. ही नवी आपल्या दोघींच्या जन्माआधीची होती, तरी नवीच. तिघींचे भोंगे एकाच वेळी तीन गाणी म्हणायचे आणि मधे उभ्या माणसाला एकही धड ऐकू यायचं नाही. बाजारात कापूस घालून आलेले बापे, कॉलेजची पोरं, लेकरं कडेवर घेतलेल्या बाया, रसवंतीची घुंगरं, कढईतली भजी, सायकली, टांगे. सरकायला जागा नसायची. त्या गर्दीच्या मधोमध तू कमरेवर हात ठेवून उभी राहायचीस आणि तिन्ही बोर्ड नीट न्याहाळायचीस. कोणता सिनेमा बघायचा हे ठरवण्याची तुझी एक पद्धत होती. नट कोण, गाणी कशी, हे तू कधी विचारलं नाहीस. बोर्डावर बाईचं तोंड बाप्याच्या तोंडाएवढं मोठं काढलेलं असेल, तरच आत जायचं.

"पाह्य वं सुधे," तू म्हणायचीस, "याच्यात बाई पार कोपऱ्यात टाकली. आपून काऊन जावं तिथं? बाप्याचं थोबाड त घरी बी दिसते."

या पद्धतीनं आपल्याला कित्येक भिकार सिनेमे बघावे लागले, आणि काही चांगले सुटले, हे मी तुला तेव्हाही सांगत होते. तू ऐकलं नाहीस.

आणि ती लेडीज खिडकी! बापे लोकांची रांग रसवंतीपर्यंत जायची आणि आपल्या खिडकीशी पाचसात बाया. मग मागून विनवण्या सुरू. "ताई, दोन काढून द्या ना." "मावशी, एकच." तू त्यांच्याकडे वळूनही बघायची नाहीस. एका शनिवारी मागून अगदी मऊ आवाज आला, "बाई, एक बाल्कनी काढून देता का?" तू वळलीस. हेडसर होते. आदल्याच सोमवारी त्यांनी आपल्याला ऑफिसात उभं करून सांगितलं होतं, की शिक्षिकांनी टॉकीजच्या आसपास दिसणं बरं नाही, पालकांत चर्चा होते. त्यांचं तोंड असं झालं की काय सांगू. तू मात्र खिडकीकडे हात करून मोठ्यानं म्हणालीस, "देतो ना सर. तुमाले काऊन नाई? पालक कुठी हाय? त्याईचंबी काढतो."

तेच हेडसर, तेच तोंड, आणि परवा म्हणे तिसरा रस्ता मालूम नोहता.

पण त्यांच्यावरचा माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. सिनेमा तीनला लागायचा आणि सहाला सुटायचा. जानेफळवरून जाणारी आपली मेहकर गाडी साडेपाचची. त्यानंतर सातची एक गाडी होती. तिच्यात हेडसर असायचे, कृषी केंद्रवाले असायचे, जानेफळचे सगळे शौकीन बापे असायचे. पण 'सातच्या गाडीनं बाईमाणूस येत नसते.' हा नियम कुणी केला, कुठे लिहून ठेवला होता, ते मला अजून कळलेलं नाही. तू विचारायचीस, "काय हाय त्या गाडीत? वाघ बसते का?" पण तूही कधी त्या गाडीनं आली नाहीस. सव्वापाच झाले की आपण पर्स उचलायच्या आणि वाकून, लोकांच्या शिव्या खात, अंधारातून बाहेर पडायचं. दाराशी गेटकीपर लतीफभाई काळा पडदा वर धरून उभे. दर खेपेला त्यांचं तेच वाक्य. "बाई, आता कुठं मजा येऊन राह्यली, आन् तुमी चालल्या."

म्हणजे बघ. इतकी वर्षं सिनेमे पाहिले आणि एकाचाही शेवट पाहिला नाही. खुनी कोण ते कळलं नाही. हरवलेले भाऊ भेटले का ते कळलं नाही. ही काय साधी गोष्ट आहे? जेवायला वाढायचं आणि शेवटच्या भाताला ताट ओढून घ्यायचं, असं आपल्याबरोबर दर शनिवारी झालं. आणि आपण ते हसण्यावारी नेलं, याचा मला आता संताप येतो.

शेवट आपणच तयार करायचो. गाडीत तू खिडकीतून पिशवी टाकून दोन जागा धरायचीस आणि गाडी हलायच्या आत सुरू व्हायचीस. तुझ्या शेवटात बाई कुणाच्या तरी थोबाडीत द्यायचीच. माझ्या शेवटात ती माफ करायची. तू म्हणायचीस, "तुह्याली बाई माफ करून करून मरन एक दिवस." मी म्हणायची, "तुझी तुरुंगात जाईल." दीड तास असा जायचा, पुढच्या सीटवरची माणसं मान वळवून मतं द्यायची. आणि आपलं एक ठरलेलं होतं. खरा शेवट कुणालाही विचारायचा नाही. सोमवारी हेडसर स्टाफरूममध्ये ऐटीत शेवट सांगायला लागले, की तू डस्टर टेबलावर असं आपटायचीस की खडूच्या धुरळ्यात त्यांचं वाक्य बुडून जायचं. शपथ होती ती आपली. निदान मी तरी ती शपथ समजत होते.

रविवारी तू पुन्हा खामगावला जायचीस, आईकडे मुक्कामाला, आणि सोमवारी पहिल्या गाडीनं थेट शाळेत यायचीस. आजारी असायची तुझी आई. मी कधी विचारलं नाही, की अगं, आई खामगावातच आहे तर शनिवारी संध्याकाळी परत कशाला येतेस? तिथंच मुक्काम कर, सिनेमा पूर्ण बघ, रविवारी ये. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. मला घरी पोचवायला तू येत होतीस. सासूबाईंची अट होती ना.

त्या सासूबाईंबद्दलही आज लिहून टाकते. तू पहिल्यांदा आमच्या घरी आलीस तेव्हा तुझा चहाचा कप त्यांनी वेगळ्या फळीवर ठेवला होता. माझ्या अब्रूची राखण करायला गवईबाई चालत होत्या, पण गवईबाईंचा कप चालत नव्हता. तू चहा प्यायलीस, उठलीस, मोरीत कप धुतलास आणि आमच्या कपांच्या रांगेत मधोमध नेऊन ठेवलास. सासूबाई बघत होत्या. मीही बघत होते. फाटकाशी तू मला म्हणालीस, "तुह्या सासूले सांगजो, मधातला कप माहा हाय." आणि हसलीस. मी सांगितलं नाही. त्या वेगळ्या फळीवरून तो कप मी स्वतः उचलून आणला नव्हता आणि पुढे तुझी माफीही मागितली नाही. टॉकीजच्या अंधारात एकाच पुडीतले फुटाणे खाताना कितीदा वाटलं, आता बोलावं. मग इंटरव्हल व्हायचं, दिवे लागायचे आणि राहून जायचं. आता मागते आहे माफी. तू म्हणशील, काऊन वं, एवढ्या वर्षांनी? हो, एवढ्या वर्षांनी. लाज यायला वेळ लागतो काही लोकांना.

आता त्या सिनेमाकडे येते. त्याचं नाव आपल्याला कधी नीट आठवलं नाही. आपण त्याला बॅगवाली म्हणायचो.

त्या आठवड्यात माझ्या बढतीचा आदेश आला होता. मुख्याध्यापिका, पण शाळा संग्रामपूर तालुक्यातली. जानेफळ जिल्ह्याच्या एका टोकाला आणि संग्रामपूर दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरात एकच गदारोळ. सासूबाई म्हणाल्या, पोरीला कोण बघणार? आमच्या ह्यांनी काहीच म्हटलं नाही, ते वर्तमानपत्र वाचत राहिले, आणि तो नकारच होता. अशा वेळी काय करायचं हे सगळ्या बायांना ठाऊक असतं. बढती नको म्हणून लिहून द्यायचं. हेडसरांच्या खणात त्याचा मसुदा तयार असायचा, फक्त नाव घालायचं बाकी. 'कौटुंबिक अडचणीमुळे सदर पदोन्नती स्वीकारण्यास असमर्थ.' बापे लोकांसाठी असा मसुदा त्यांनी कधी करून ठेवला नव्हता. मी त्यावरून सुवाच्य अक्षरात पत्र उतरवलं. सोमवारी द्यायचं होतं. शनिवारी ते माझ्या पर्समध्येच होतं आणि पर्स मांडीवर घेऊन मी सिनेमा बघत होते.

सिनेमातली बाई नवऱ्याच्या घरातून निघते. कुणाशी भांडण नाही, मारहाण नाही. लांबच्या गावी काम मिळालेलं असतं आणि तिला ते करायचं असतं, एवढंच. बॅग भरते, स्टेशनवर येते. गाडी लागलेली असते. ती एक पाय पायरीवर ठेवते, आणि सव्वापाच वाजले.

बसमध्ये मी म्हटलं, "नाही चढणार ती. पोरगी आहे तिची घरी."

"पोरगी हाय म्हनूनच चढन," तू म्हणालीस. "पोरीले मोठी झाल्यावर सांगाले काहीतरी पाह्यजे ना वं."

"ते सिनेमात."

"आपून सिनेमाचंच बोलून राह्यलो ना? का दुसऱ्या कोनाचं बोलून राह्यली तू?"

मी पत्राबद्दल तुला एक शब्द सांगितला नव्हता. तुला ते कसं कळलं होतं कोण जाणे. हेडसरांचा खण उघडताना पाहिलं असशील. पुढचा सबंध रस्ता आपण बोललो नाही. असं आपलं पहिल्यांदाच झालं.

सोमवारी प्रार्थनेची घंटा व्हायच्या आधी तू मला निंबाखाली गाठलंस. शाळेच्या आवारात, आणि तरी 'अहो' म्हणाली नाहीस.

"सुधे, ती चढली."

"कोण?"

"बॅगवाली. चढली ती गाडीत."

मी उडालेच. "तू विचारलंस? आपलं ठरलं होतं ना?"

"माह्या भाचीनं पाह्यला पिक्चर, तिनं सांगतलं. नवरा आल्ता पोरीले घेऊन. पन हे चढली. गाडी सुटली, तिनं मांगं वळून पाह्यलंबी नाई. खिडकीपाशी जागा भेटली. बॅगेतून पोळी काढली आन् खात बसली. खलास. पडदा."

घंटा झाली. मी प्रार्थनेत उभी राहिले. माझे ओठ हलत होते आणि डोळ्यापुढे ती बाई खिडकीत बसून पोळी खात होती. दुपारी हेडसरांनी विचारलं, "पत्र आणलं का, बाई?" मी म्हटलं, "नाही आणलं." ते म्हणाले, "उद्या आणा." मी म्हटलं, "उद्याही नाही आणणार." ते पत्र मी शाळेमागच्या विहिरीपाशी फाडलं.

पुढचं तुला माहीत आहे. संग्रामपूरची खोली, गळका नळ, माझ्याबरोबर आलेली माझी पोरगी, सासूबाईंचा सहा महिन्यांचा अबोला. आकाश काही कोसळलं नाही. तिसऱ्या वर्षी आमचे हेही बदली मागून तिकडे आले आणि स्वतः भाजी निवडायला लागले. मी मुख्याध्यापिका म्हणूनच निवृत्त झाले, मग आम्ही मेहकरला घर केलं. आपल्या गाठी लग्नाकार्यात पडायच्या, फोनवर बोलणं व्हायचं, पण टॉकीज चौक तिथंच संपला. दर भेटीत मी तुला म्हणायची, "तू शपथ मोडलीस." तू म्हणायचीस, "मोडली त मोडली. काय करशीन?" गंमत म्हणून म्हणायचो आपण ते. मला ती गंमतच वाटत होती.

आणि परवा मांडवाबाहेर एक म्हातारा माणूस माझी चप्पल हातात घेऊन उभा.

"तुमी कुळकर्णीबाई ना? साडेपाचवाल्या."

लतीफभाई! दाढी पांढरी झाली आहे, पाठ वाकली आहे, खामगावहून एकटे बसनं आले होते. ते म्हणाले, "गवईबाईचं ऐकलं आन् दिल नाही मानला. लई वर्सं येत होत्या ना त्या, इतवारच्या इतवार."

"रविवारी नाही हो, शनिवारी. आम्ही दोघी."

"शनिवारी दोघी. इतवारी एकल्या. आखरीचा पाऊन घंटा. मी परदा उचलून आत सोडत होतो. खुर्चीवरबी नोहत्या बसत, भिंतीले टेकून उभ्या राहत. पिक्चर सुटला की भाईर येऊन मले सांगत, लतीफभाई, आमच्या सुधेनं बनवलेला शेवट याच्यापेक्षा बरा होता."

मी तिथल्या लोखंडी खुर्चीवर बसले. इतकी वर्षं तुला प्रत्येक शेवट माहीत होता. पुढच्या शनिवारी गाडीत मी विचारायची, "काय झालं असेल गं?" आणि तू कपाळाला आठ्या घालून, "कोनाले मालूम," म्हणायचीस. नाटकी बाई!

मग मला आठवलं. मी विचारलं, "लतीफभाई, तो स्टेशनवाला सिनेमा. बाई बॅग घेऊन जाते तो. तिचं काय झालं शेवटी? चढली ना ती?"

लतीफभाई हसायलाच लागले. "तो? तो त मी कबी भुलत नाही. कुठं चढते, बाई! नवरा येते, पोरीले समोर करते, ते बाई रडते, बॅग त्याच्या हाती देते, आन् घरी वापस. पब्लिकनं टाळ्या वाजवल्या. गवईबाई भाईर आल्या त माह्यावरच धावल्या. म्हने, लतीफभाई, हे रीळ चुलीत घाला. मी म्हटलं, बाई, मी का बनवला पिक्चर? तरी माह्यासंगं बोलल्या नाही दोन इतवार."

म्हणजे तू खोटं बोललीस. भाची नव्हती, काही नव्हतं. रविवारी संध्याकाळी त्या काळ्या पडद्यापाशी उभं राहून तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस की ती परत गेली, आणि सोमवारी सकाळी माझ्या तोंडावर सांगितलंस की चढली. वर पोळीसुद्धा खाऊ घातलीस तिला! मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. शेवटच्या सीनमध्ये पोळी खाणारी नटी कुठल्या सिनेमात असते? ती फक्त तुझ्याच डोक्यात असू शकते.

मला किती राग आला आहे, तुला सांगता येत नाही. माझ्या जन्माचा एवढा मोठा निर्णय मी तुझ्या थापेवर घेतला. समजा, संग्रामपूरला पोरीला काही झालं असतं, संसार मोडला असता, तर? तू काय सांगितलं असतंस मला? आणि मला सरळ का नाही म्हणालीस, सुधे, पत्र फाड म्हणून? मग वाटतं, म्हणाली असतीस तर मी ऐकलं नसतं. मी म्हटलं असतं, तुला काय जातंय सांगायला. तुला माझी नस बरोबर माहीत होती. मैत्रिणीचं ऐकायची हिंमत माझ्यात नव्हती, पण सिनेमातल्या बाईनं केलं तर माझी हरकत नव्हती. हे तू ओळखलंस याचाही राग आहे, आणि जिवंतपणी एकदाही कबूल केलं नाहीस याचा त्याहून जास्त. शेवटच्या फोनवरसुद्धा मी म्हटलं होतं, "शपथ मोडलीस तू." तू खोकत खोकत हसलीस. सांगायचं होतंस ना! मी भांडले असते, रुसले असते, दोन वर्षं बोलले नसते, आणि मग तुझ्या घरी येऊन तुझ्या हातचा चहा प्यायले असते. भांडणाची ती सगळी वर्षं माझ्या हक्काची होती. तू ती बरोबर घेऊन गेलीस.

काल शनिवारी मी खामगावला गेले. कुणाला काही सांगितलं नाही, खडूचं निमित्तही काढलं नाही. पत्र्याची टॉकीज पाडून तिथं मोबाइलची दुकानं झाली आहेत. नवी टॉकीज आता मंगल कार्यालय आहे. मोठी तेवढी उभी आहे, आत गुबगुबीत खुर्च्या. बोर्ड रंगवत नाहीत आता, छापून येतात. बाईचं तोंड बाप्याच्या निम्मं होतं. तू आत पाऊल टाकलं नसतंस. मी गेले. तीनचाच शो घेतला. सव्वापाचला माझे पाय आपोआप उठले. शेजारच्या पोरीनं जागा द्यायला गुडघे वळवले. मी उभी राहिले, आणि परत बसले. शेवट पाहिला. अगदी भिकार होता. तुझा कुठलाही शेवट त्याच्यापेक्षा बरा असता, आणि माझाही.

मग स्टँडवर येऊन सातच्या गाडीची वाट बघत बसले. जन्मात पहिल्यांदा. गाडी लागली, आणि विमल, तुला काय सांगू, सगळ्या पोरीच. क्लासहून परतणाऱ्या, दवाखान्यात नोकरी करणाऱ्या, कानात वायरी घातलेल्या, एकमेकींच्या अंगावर रेलून झोपलेल्या. कुणी त्यांना विचारत नव्हतं की कुठे गेल्या होत्या. वाघ नव्हता. कधीच नसणार. या एवढ्याशा गाडीसाठी आपले सगळे शेवट गेले. मी एक पाय पायरीवर ठेवून तशीच उभी राहिले, राग इतका दाटून आला की पुढचा पाय उचलेना.

कंडक्टरही बाईच होती. तिनं दारातून वाकून विचारलं, "मावशी, चढून राह्यल्या का नाई?"

"चढले," मी म्हटलं.

खिडकीपाशी जागा मिळाली. गाडी सुटली तेव्हा मी चौकाकडे वळून पाहिलं नाही. सकाळी निघताना घेतलेली पोळी पिशवीतून काढली आणि खात बसले.